दस्तगीरला, चाव्या देताना

कागदावर त्याचं नाव फहद.
अबू फवाजनं ठेवलं, विमानतळावर,
पिंजऱ्याच्या जाळीतून एकदाच पाहून.
मी त्याला दाजी म्हणतो.
वाफ्रात आल्यापासून तोरा तसाच,
ताट पुढ्यात आलं की आधी तोंड फिरवणार,
विनवल्याशिवाय शिवायचं नाही.

पासष्ट किलो. तुर्कस्तानच्या गार माळावरचं वाण.
आणि आणलं कुठं, तर इथं,
जिथं जूनमध्ये नळ सोडला की चहाचं पाणी येतं.

हाक एकदाच मार.
त्यानं ऐकलेलं असतं, तो विचार करत असतो.
दुसरी मारलीस की उतरलास नजरेतून.
काठी उचलू नकोस.
आटपाडीला आमच्या मेंढरांमागं कुत्री होती,
काही काठीनं शिकली, काही भाकरीनं.
हा शिकत नाही.
हा ठरवतो.

केस कापू नकोस, कुणीही सांगो.
मालकाचा मेव्हणा मशीन घेऊन आला होता,
उकडत असेल बिचाऱ्याला, म्हणाला.
मी म्हटलं, साहेब, भर दुपारी तुम्ही
दिशदाशा काढून उघडे फिरता का?
हसला. मशीन अजून कपाटात आहे,
मेंढरांच्या औषधामागं. तिथंच राहू दे.

फिरवायचं फजरच्या आधी.
डांबरावर पहिल्यांदा तुझा हात उलटा टेकव,
दहापर्यंत मोज.
तुला सोसलं नाही तर त्यालाही सोसत नाही,
फक्त तो सांगणार नाही.
गेल्या साली अकरा दिवस पंजात काटा घेऊन हिंडला.
नेहमी उजवीकडं वळून बसणारा
डावीकडं वळून बसायला लागला,
एवढ्यावरून मला कळलं.
तेव्हा तो बसतो कसा, ते बघत जा.

आणि एक गोष्ट, वहीत नाही ती.

मार्चमध्ये धूळ उठली होती.
काकडीच्या शेडचं प्लास्टिक रात्रभर फडफडत होतं.
पाण्याच्या टाकीमागं एक बाई दिसली,
चप्पल एकाच पायात.
कुठल्या घरातून आली, कुठल्या देशाची,
मी विचारलं नाही, तिला बोलवतही नव्हतं.
दाजी उठला. माझ्या पोटात गोळा.
साखळी नव्हती, गळ्यात तो खिळ्यांचा पट्टा.
गेला. हुंगलं.
आणि तिच्याकडं पाठ करून बसला,
तोंड रस्त्याकडं,
कोकरू मागं ठेवून बसावं तसा.

मग गाडीचे दिवे. दोघं उतरले, फाटक हलवलं.
दस्तगीर, सहा वर्षं मी त्याच्याबरोबर आहे,
भुंकणं म्हणजे काय ते त्या रात्री ऐकलं.
पत्रे वाजले रे.
गाडी वळवतानासुद्धा ते काच खाली करेनात.

मला पगार आहे तो कुणाला आत न घेण्याचा.
मी तिला खुब्ज दिली, चहा दिला,
माझी चप्पल दिली, मोठी होत होती.
पहाटे भाजीच्या ट्रकमधून ती गेली.
वहीत मी लिहिलं: रात्र ठीक.
खाली सही केली, मायाप्पा.
त्यानं कुणाला सांगितलं नाही.
मीही आज तुलाच सांगतोय,
का, तर उद्यापासून फाटक तुझं.

तिकिटावर साठ दिवस आहेत.
बघू.
दोन-तीन दिवस तो फाटकापाशी पडून राहील,
ओढून आणू नकोस. पाणी तिथंच नेऊन ठेव.
थंडी पडली की बघशील त्याला,
जानेवारीत पहाटे हातपाय गारठतात
आणि हा कोकरासारखा उड्या मारतो
एकटाच, कुणी बघत नाही असं समजून.

बर्फ फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात.
डाव्या कानात तीन थेंब, रात्री, औषध आधी मुठीत कोमट कर.
आणि एखाद्या दिवशी, न सांगता,
तो येऊन तुझ्या मांडीला अंग टेकेल.
तेव्हा पाय रोवून उभा राहा.
अर्धामुर्धा टेकत नाही तो,
सगळा भार टाकतो.