डावीकडची सीट

सगळे गाडी बघतात ती स्टेअरिंगकडून.
मी डावीकडचं दार उघडलं.
"अंकल, इकडून बसा ना, चालवून पाहा," इद्रिस म्हणाला.
मला चालवता येत नाही.
चौतीस वर्षं मी रस्त्याच्या डाव्या कडेला
उकिडवा बसून काढली,
एका हातात डबा, दुसऱ्यात एक इंची ब्रश,
दगडांवर गावं लिहीत.

डोकं पिवळं, तर राष्ट्रीय महामार्ग.
हिरवं, तर राज्याचा.
पोट पांढरं, अक्षर काळं.
जबलपूर हजारदा लिहिलं असेल,
'पू'चा ऊकार पार खालपर्यंत ओढून.
पाहिलं नाही.
आमची हद्द खवाश्याला संपायची
आणि खात्याचा ट्रक तिथून मागे वळायचा.

मे महिना. मानकापूरचा सेकंडहँड बाजार.
टिनाच्या शेडखाली ओळीनं गाड्या,
दाराच्या कडीला रुमाल धरून हात लावायचा.
उत्पला टॉर्क विचारते, मायलेज विचारते,
टायरच्या खाचेत नख घालून पाहते.
पोरगी महावितरणात आहे,
आकड्याशिवाय तिचा जीव भरत नाही.
पंचफुला घरून सुरई घेऊन आली.
प्रत्येक गाडीत पायाशी ठेवायची
आणि इद्रिसला म्हणायची, "आता मार ब्रेक."
तीन गाड्यांची मॅट ओली झाली.
चौथ्या गाडीला इद्रिसनं हात जोडले.

उंच गाडी आधी दाखवली होती.
"वरून दुनिया दिसते, अंकल."
दिसली. विजेच्या तारा, पानठेल्यांची छपरं,
होर्डिंगवरच्या बाईचे दात.
कोराडी रोडचा दगड मात्र
दाराखालून निघून गेला,
त्याची टपलीही दिसली नाही.

मग कोपऱ्यातली ती.
लांब नाकाची, बुटकी, चौदा वर्षांची,
ओल्या राखेच्या रंगाची.
"ही नका घेऊ, ब्रेकरवर पोट घासते,"
इद्रिस धंदा विसरून खरं बोलला.
मी बसलो, म्हणजे उतरलोच जवळजवळ.
बूड रस्त्याला लागलं की काय वाटावं इतकी सीट खाली,
गुडघे वर,
ज्या उंचीवर नोकरी केली, बरोबर ती उंची.
काचेबाहेर दगड आला, डोळ्याला डोळा भिडवून.
ऐंशीच्या वेगातही
'सावनेर'वरची मात्रा मला वाचता आली.
बेस काढली होती कोणी तरी.

"हीच."
"काहून बाबा? अजून एसी पाह्यला नाही आपण!"
पंचफुलानं सुरई ठेवली. ब्रेक लागला.
पाणी मानेपर्यंत येऊन
परत गेलं.

पहाटे चारला निघालो. कामठी, कन्हान,
मनसरला पोहे, वर तर्री,
मग मी म्हणालो, हळू घे.
मायलेकींना तेव्हा सांगितलं.

सत्त्याण्णव सालची गोष्ट.
नवा इंजिनीअर जीपमधून न उतरता ओरडला,
"सिवनी, ब्याऐंशी!"
आपल्या भाषेत दोन आधी ऐकू येतो.
मी दोन आधी लिहिला.
सिवनी २८.
ट्रक गेले, वरातीच्या बसा गेल्या,
कोणी तक्रार केली नाही.
पण किती जण
आता पोहोचलोच म्हणून उपाशी राहिले असतील,
शिवणारं पोर मांडीवर घेऊन
किती बायांनी नवऱ्याला म्हटलं असेल,
थांबू नका, अठ्ठावीसच तर आहे.

रस्ता थरावर थर चढत वर गेला होता.
दगड गवतात, गळ्यापर्यंत रुतलेला,
पिवळं डोकं तेवढं वर.
हातानं माती उकरली.
आकडा होता. माझाच.
दोनाची शेपटी मी अशीच वळवायचो.

बाजारात डिकी मी उगाच मोजली नव्हती.
चुन्याची बादली, काळा डबा, ब्रश.
चुना वाळेपर्यंत
उत्पला बॉनेटला टेकून उभी,
"बाबा, नवीन बायपासनं अंतर बदललं असेल ना?"
असेल. ते नव्या हिरव्या पाट्यांचं काम.

पंचफुलानं मागची काच खाली केली,
"आता तरी नीट लिहा."
ब्याऐंशी, मी मोठ्यानं म्हटलं,
आणि आधी आठ लिहिला.