तीन मिनिटं चाळीस सेकंद

मलमाच्या पत्र्याच्या डब्यात होतं ते.
झाकण निघालं आणि दुकानभर आंबूस वास,
बरणीतल्या लोणच्याला बुरशी धरावी तसा.
शमशाद नदाफ म्हणाली, अब्बा कंपाउंडर होते,
कॅमेरा डॉक्टरांचा, एका रविवारपुरता मागून आणलेला.
"बघा काही निघतंय का. नाहीतर टाकून द्या."

मी साखर पेठेत लग्नाचे व्हिडिओ करतो.
हळद, अक्षता, वरात, वरून ड्रोन.
जुनं म्हणून फार तर एखादी कॅसेट येते
आणि लोक म्हणतात, फक्त आई दिसते तेवढं काढून द्या.

हे रीळ आठ मिलिमीटरचं, कडेला आकसलेलं.
यंत्रात घातलं असतं तर फाटलं असतं.
एकेक चौकट बोटाने सरकवून फोटो काढले.
अकरा रात्री.

आधी भिंत.
मग बांबूवर वाळत घातलेलं सूत,
रंग कोणता ते रिळाला ठाऊक नाही.
मग तो. मास्टर कांडी.

मुक्या चित्रपटांच्या जाहिरातीत तळाशी छापायचे,
"पोट धरून हसा! मास्टर कांडी पुन्हा पडणार!"
खरं नाव यंबय्या गुंडेटी.
मग पडद्याला कान फुटले.
त्याच्या मराठीत तेलुगू होती, तेलुगूत मराठी,
स्टुडिओने दोन्हींना हात जोडले.
तो परत मागावर आला,
जिथे चाळीस मागांच्या खडखडाटात
कुणाचं कुणाला ऐकू येत नाही,
सगळे भुवयांनी, ओठांनी बोलतात:
धागा तुटला. चहा आला. मालक आला.
तिथे त्याला नवीन काही शिकावं लागलं नसणार.

रिळात तो म्हातारा आहे.
बंडी, धोतर, टोपी, हातात चहाची बशी.
उंबऱ्याला पाय अडतो आणि पडतो,
आधी गुडघा, मग खांदा,
टोपी सगळ्यांत शेवटी, सावकाश,
आणि बशी वरच्या वर.
थेंब सांडत नाही.
पोरं हसतात. दात दिसतात नुसते.

तो उठतो, बशी एका पोरीकडे देतो,
पुन्हा उंबऱ्याकडे जातो, पुन्हा पडतो.
या खेपेला हात आधी भिंत शोधतो.
ती चौकट मी किती वेळा थांबवली,
चार बोटं चुन्यावर, अंगठा हवेत.
करामत आहे की वय?
बशीवाली पोरगी हसायची थांबली आहे.
तिलाही ठरवता आलेलं नाही.

मग तो उठत नाही.
बसूनच कॅमेऱ्याकडे बघतो
आणि काहीतरी बोलतो.
एकच शब्द, दोनदा.

बोळातल्या राजव्वा चिलकाला बोलावलं.
चौतीस वर्षं मागावर काढलेली,
आता एका कानाने ऐकते, तेही मर्जी असेल तर.
खुर्ची दिली, तिचा चष्मा पुसून दिला.
तिने त्याच्याबरोबर स्वतःचे ओठ हलवून पाहिले.
"चालु," म्हणाली. "चालु म्हनलालाय की."

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बास कर, बाबा.
आणि मराठीत, तुम्हाला माहीतच आहे.
मी विचारलं, यातलं कुठलं?
"ओठाला काय भाषा असतीय व्हय?"
आणि चहा मागितला तिने, बशीत.

शमशादला पेन ड्राइव्ह द्यायचा आहे, उद्या येईल.
फाईलला नाव हवं.
चा टाइप केला. मग ल.
उकारापाशी बोट थांबलंय.
ऱ्हस्व दिला तर तो थांबतो,
दीर्घ दिला तर
या वयात त्याला पुन्हा पडावं लागेल.