शेवटची स्लाइड

श्रूसबरी. चर्चचा हॉल. सव्वीस स्लाइड्स होत्या माझ्या.
तक्ते, तळटीपा, सेव्हर्नच्या चाळीस वर्षांच्या पातळ्या
मुंगीएवढ्या अक्षरांत.
कोपऱ्यात खात्याचं बोधचिन्ह, तेवढं मात्र ठसठशीत.

मागून ब्रॉन्वेन म्हणाली,
"अहो, हे वाचू की तुमचं ऐकू?"
लोक हसले. मीही.
मग चहाची सुट्टी दिली आणि किटलीच्या वाफेत बसून
पुसत गेले.
आधी बाण, मग सावलीवाली अक्षरं,
मग तो आलेख, ज्याच्यासाठी दोन रात्री जागले होते.
तिथे बोट जरा अडलं.

उरली एक निळी रेघ.
पडदा गुंडाळला. प्रोजेक्टर टेबलावरून खुर्चीवर,
त्याखाली दोन प्रार्थनापुस्तकं,
मोजपट्टी लावून रेघ भिंतीवर आणली
पाणी चढेल नेमकं तिथे.

खुर्च्या कमी, म्हणून काहीजण भिंतीला टेकून होते.
रेघ त्यांच्या अंगावरून गेली,
कुणाच्या टायवरून,
कुणाच्या खिशातल्या चष्म्यावरून,
आणि बेकरीवाल्या हॅडलीच्या नातीच्या
डोक्याच्या वीतभर वरून.

कुणी काही विचारलं नाही.
हॅडलीनं तिला उचलून कडेवर घेतलं.

सवयीनं मी पुढची स्लाइड दाबली.
नव्हतीच.