उभ्या राहा

कासारसाईचं पाणी, सकाळी सव्वासात.
येताना हिंजवडीत काचेच्या इमारती
दिवे लावूनच उभ्या होत्या,
रविवार आहे हे त्यांना कुणी सांगितलं नसावं.
काठावर पाच कायाक पालथ्या,
आणि त्यांच्याशेजारी मी, एकसष्ट वर्षांची,
पंजाबी ड्रेसवर नारिंगी जॅकेट,
पट्टे ओढता ओढताच घामाघूम.

"काकू, पोहता येतं?"
तेजल केदारी. वय वीस-एकवीस. अनवाणी, गळ्यात शिट्टी.
"थोडं."
"थोडं म्हणजे नाही," म्हणत ती वहीत लिहिते.

बसणं हीच पहिली परीक्षा.
"खुर्चीत बसता तसं नाही. पाटावर बसता तसं."
पाटावर बसून दहा वर्षं झाली,
गुडघे मोठ्यानं सांगतात.
चपला काढा म्हणाली, त्या मी काढल्या नाहीत,
नव्या होत्या.
नाव हलते. हलतच राहते.
मग बऱ्याच वेळानं कळतं,
हलत होते ती मी.

वल्ह्याला दोन पाती.
आलटून पालटून बुडवायची,
तान्ह्याला चमच्यानं पाजतात तितक्या हलक्यानं.
मी उजवं मारते, डावं मारते, उजवं मारते
आणि नाव निघते डावीकडे.
भिंतीकडे जायचं ठरवलं तर बाभळींकडे.
बाभळींपासून वळवावी तर गोल,
पुन्हा गोल,
घाण्याला जुंपल्यासारखी.

तेजल शेजारी येते. तिच्या वल्ह्याचा आवाजही नाही.
"उजव्या हातानं काय करत होता इतकी वर्षं?"
"शिक्के मारत होते. चिंचवडच्या पोस्टात."
एकतीस वर्षं. पार्सल, रजिस्टर, राख्यांची पाकिटं,
धप् धप्, धप् धप्,
तारीख रोज नवी, हात तोच.
"मग सांगा त्याला," ती म्हणते,
"इथं काही उमटवायचं नाहीये."

सांगितलं. ऐकेना.
सरकारी हात, लेखी आदेशाशिवाय हलत नाही.

तेवढ्यात एक टिबुकली, मूठभर,
नाकासमोर बुडाली.
कुठं वर येते बघायला मान वळवली,
मानेमागे खांदा गेला,
खांद्यामागे मी सगळीच.

आत हिरवं.
नाकात पाणी, कानात माझाच गलका,
आणि आठवलं ते काय, तर
दुधाखालचा गॅस बंद केला होता का.
जॅकेटनं बगलेत धरून वर आणलं
तरी मी हात झाडतेय, पाय झाडतेय,
वाचवा म्हणाले की नुसताच आ केला, माहीत नाही.
वल्हं एकीकडे, नाव पालथी,
आभाळ भलत्याच जागी.

"काकू."
आवाजात घाई अजिबात नाही.
"उभ्या राहा."

उभी राहिले.
पाणी कमरेएवढं.
पायाखाली मऊ गाळ,
बोटांच्या बेचक्यात एक खडा.

अशा वेळी कुणीतरी काहीतरी मोठं बोलतं,
मलाही वाटलं आता ही बोलणार,
आयुष्य वगैरे.
तेजल म्हणाली,
"चप्पल धरा तुमची. वाऱ्यानं चाललीय."

मग कमरेएवढ्या पाण्यातून चपलेमागे
ओढणी डोक्याला गुंडाळून
मी अशी चालले, अशी चालले,
की काठावरच्या चहावाल्यानं
गाळणं हातात तसंच धरून ठेवलं.

दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी चिंब,
आता जपायचं काही उरलं नव्हतं.
उजवं. डावं.
उजवं, जरा कमी.
डावं.
कधीतरी बाभळी बाजूला सरकल्या
आणि भिंत समोर आली, समोरच राहिली,
सात वल्ही, आठ, मी मोजणं सोडलं
तशी ती पुन्हा डावीकडे कलली,
पण तोवर टिबुकली वर आली होती.
मी पाहत होते त्या जागी नाही,
पार तिकडे, एकटी, कोरडी दिसणारी.

परतताना रिक्षावाल्यानं सीटवर पेपर अंथरला.
घरी गॅस बंदच होता. दूध नासलं होतं, ते वेगळं.
फोनवर मुलगा म्हणाला, आवाज बसलाय तुझा, कुठं गेलीस?
म्हटलं, पाण्यात.
तो हसला. त्याला म्हण वाटली असेल.

सोमवारी उठले तर डावा दंड ठणकत होता.
डावा.
एकतीस वर्षं नुसता कागद धरून बसलेला.
तेल कोमट केलं,
आणि उजव्या हाताला म्हटलं,
चल, आता तू याची सेवा कर.