बातम्यांच्या आधी

तासाला तीन मिनिटं उरली की
निवेदक एक बिनशब्दांची तबकडी लावायचा.
गाणं मध्येच तोडलं तर लोक फोन करून भांडतात,
व्हायोलिनं तोडली तर कुणी काही म्हणत नाही.
म्हणून ती. फटीत कोंबलेला कापूस.
वीस व्हायोलिनं, एक फ्रेंच हॉर्न,
मागे ड्रमवर ब्रशची कुजबूज,
आणि पोरांनी स्टेशन बदलू नये म्हणून
एक इलेक्ट्रिक गिटार,
चपला न काढता दारात उभ्या पाहुण्यासारखी.

मग टूं. सहा वाजले.
धून जिथे असेल तिथे मेली.

डुलूथ, एकोणीसशे एकसष्ट.
आई इस्त्री उभी करून ठेवायची
आणि हात वर करायची : गप.
बाबा लोहखनिजाच्या बोटीवर.
सुपीरियरला सरोवर म्हणतात खरं,
पण नोव्हेंबरात ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही.
वाऱ्याचा वेग. लाटांची उंची.
बोटीचं नाव आलं नाही की
इस्त्री पुन्हा आडवी. वाफ. कॉलर.

आज कबूल करतो, मला बोटीचं काही नव्हतं.
मला लागून राहायचं ते एवढंच
की ती धून पुढे कुठे गेली असती.

बाबा दर खेपेला परत आले.
गेले ते एकाहत्तराव्या वर्षी,
दाताच्या डॉक्टरकडे, बाहेरच्या खुर्चीत,
मांडीवर मासेमारीचं मासिक उघडं.
त्या दुपारी आईने रेडिओ लावलाच नव्हता.

त्या हिवाळ्यापासून मी शेवट गोळा करतो.
चर्चच्या तळघरातले बाजार,
बटाट्याच्या सॅलडचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास,
खोक्यांतून चालत जाणारी माझी दोन बोटं.
गिटारवाल्या पोरांच्या तबकड्या चाळीस डॉलरला,
माझ्या पंचवीस सेंटला, वर एखादी फुकट.
रेनो कांगास माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतो,
म्हणतो, घे, तुझी लिफ्टमधली गाणी आली.
नावं सगळी सहलीची : अमुक बेट, तमुक चांदणं,
जिथे वाजवणाऱ्यांतलं कुणीच गेलं नसेल.
त्यांची नावं तर कुठेच नाहीत.
मार्लिस म्हणते, जमीन खचेल एक दिवस,
आणि तू वीस व्हायोलिनांसकट खालच्या बिऱ्हाडात.

घरी आणतो. साबणाच्या पाण्याने पुसतो.
मधल्या मोठ्या भोकात पिवळी तीन पायांची चकती.
सुई. खरखर. आणि मी वाट बघतो,
तीन मिनिटं, साठ वर्षं.

आणि शेवटच नाही.
काचेमागे बसलेल्या कुणीतरी
एक दांडी हळूहळू खाली ओढलेली.
ते वाजवतच होते, आपणच दूर गेलो,
गाडीच्या मागच्या काचेतून बघत राहावं तसे.
बाराशेतल्या नऊशे तबकड्या अशा.
रेडिओला मी उगाच शिव्या घातल्या.

मागच्या मार्चमध्ये एक मिळाली,
लेबल अर्धं उंदराने खाल्लेलं.
तिच्यात ते थांबतात. खरोखर थांबतात.
सगळे गज एकदम वर,
हॉर्नचा एक श्वास मागे राहिलेला,
मग खुर्ची करकरते,
आणि कुणीतरी बोलण्यासाठी तोंड उघडतं
तेवढ्यात तबकडी संपते.

प्लेयर उचलून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात नेला.
आई त्र्याण्णव. मला कधी ओळखते,
कधी मला वीजबिलाबद्दल विचारते.
उशीजवळ लावली. ती डोळे मिटून होती.
व्हायोलिनं आली, गेली. गज वर. खुर्ची.
मी म्हणणार होतो, ऐकलंस, ही पुरी झाली.

तिने हात वर केला.
गप, म्हणाली.

सुई मधल्या कागदाला घासत राहिली.
आम्ही दोघं ऐकत बसलो,
बोटीचं नाव येतंय का ते.