छाननी

बेदाण्याचं मशीन बसवायला शू साहेब हफेईहून आले.
पिंपळगावच्या शेडमध्ये मी दुभाषी,
दिवसाचे बाराशे आणि जेवण.
कॅमेरा एकेक मणी बघतो.
रंग बसला नाही की बाजूने फुंकर येते
आणि मणी उडून दुसऱ्या डब्यात.
मालक म्हणाले, विचार, हिरव्यात काळा किती चालवायचा?
ते म्हणाले, तुम्ही ठरवा. मशीनला मत नसतं.

संध्याकाळी दहाव्या मैलापाशी कंटेनर आडवा झाला होता.
गाडी बंद करून बसलो,
तेव्हा आजोबांचं निघालं.
विलायतेतलं एक पुस्तक ते चिनीत आणत होते:
सरकारने कुठे थांबावं,
माणसाला कुठवर त्याच्यावरच सोडावं, असलं.
एका शब्दापाशी दोन महिने अडले.
लिबर्टी.
हाताशी होता तो शब्द 'त्झ-यो'.
त्झ म्हणजे स्वतः, यो म्हणजे पासून.
पण जुन्या कानांना त्यात मनमानी ऐकू यायची,
सून सासूला न विचारता वागली की वापरायचा तो शब्द.

मी म्हणाले, आमच्यात मोकाट म्हणतात.
त्यांनी वहीत उतरवून घेतलं.
स्वातंत्र्य मी सांगितलंच नाही.
ते देशाला मिळतं, ऑगस्टमध्ये.
सुनेला परवानगी मिळते.

आजोबांना जो तो एकच विचारायचा,
याने देश बलवान होईल का?
होईल, म्हणायचे.
खोटं नव्हतं, पण तेवढंच नव्हतं,
आणि लोकांनी नेमकं तेवढंच ऐकलं.

मग एका वसंतात वरून निरोप आला: मोकळेपणी बोला.
आजोबा बोलले. सव्वीस मिनिटं.
उन्हाळ्यात बाजूने फुंकर आली.

(हे भाषांतर माझं. शू साहेब नुसतं
'मग त्यांना पाठवलं' म्हणाले,
आणि काच खाली केली.)

वीस वर्षं डुकरं राखली त्यांनी.
हस्तलिखिताचे आजीने बुटांचे नमुने कापले,
कागद जाड होता, चांगला होता.
शूंनी लहानपणी एक तळवा पाहिलेला:
टाचेशी 'यो' शाबूत.
'त्झ' कात्रीत गेला.
नुसतंच, पासून.

कंटेनर हलला. आडगाव नाक्यापर्यंत
कोणी काही बोललं नाही.

सकाळी मालकांनी विचारलं,
ड्रायव्हर सांगत होता, रस्त्यात लई बोलत होते साहेब. काय म्हणत होते एवढं?
मी म्हणाले,
मशीनबद्दल.