ओळंबा

आगीनंतरच्या तिसऱ्या वर्षी
दिओलिंदा आली ती घराची किल्ली घेऊन.
वीतभर लांब, लोखंडी,
ॲप्रनच्या खिशाला खाली ओढणारी.
म्हणाली, निलगिरीवाल्यांना देऊन टाकते.
कलमं बांधलेली चेस्टनटची अठरा रोपं
ऑगस्टनं एका आठवड्यात चहाच्या पत्तीसारखी केली.
अठरा, ती म्हणाली,
आणि बोटांवर मोजून दाखवू लागली.
बोटं पुरली नाहीत.

'जाऊ नकोस' कोणी म्हणालं नाही.
बैराच्या या डोंगरात जाणाऱ्याला अडवत नाहीत.
फ्रान्सला गेलेल्यांच्या बंद खिडक्या
अर्ध्या गल्लीभर आहेतच.
एर्मिनियू फक्त इतकंच म्हणाला :
माझा गुडघा धरलाय. जरा हा पाय धर.

पाय म्हणजे कैचीचा.
दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी,
शेंड्यावरून सोडलेल्या दोरीला एक दगड.
दगड झुलतो, झुलतो,
पट्टीवरच्या खुणेशी येऊन गप्प होतो,
तेव्हा दोन्ही पाय सारख्या उंचीवर असतात.
तिथे खुंटी ठोकायची. मग पुढचं पाऊल.
मतील्द याला पर्माकल्चर म्हणते.
ती पोर्तूहून आली, वह्या घेऊन आली.
एर्मिनियू म्हणतो, चर.
दोघांचं यावरून अजून भांडण चालू आहे,
कुदळ मात्र एकच.

आता खरं सांगायचं तर
समपातळीची रेघ कुणाचा बांध मानत नाही.
ती आन्सेल्मूच्या ऑलिव्हखालून निघाली,
माझ्या करपलेल्या कुंपणातून गेली,
झुल्मिराच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागून वळून
नेमकी दिओलिंदाच्या जमिनीवर आली.
मधला तुकडा तिचा.
तो गेला तर चर तिथेच तुटणार.
म्हणजे आमच्या मायेत स्वार्थ होता.
होता. असू दे.
निव्वळ मायेवर इथे काहीच तगलेलं नाही.

तिच्या बांधाशी दोरी सुटली
आणि दगड घरंगळत ओढ्यात गेला.
आम्ही दुसरा शोधायला वाकलो.
जळलेल्या डोंगरात दगडांना काय तोटा,
पण तिनं खिशातून किल्ली काढली,
दोरीला बांधली,
आणि आमच्याकडे न बघता म्हणाली,
चला, ऊन चढतंय.

किल्ली झुलली.
खुणेशी येऊन गप्प झाली.

नोव्हेंबरात आन्सेल्मूचा बांध फुटला.
रात्री दोन वाजता घंटा वाजवायला कोणी गेलं नाही,
झुल्मिराचा आवाज पुरेसा होता.
तिनं आन्सेल्मूच्या सात पिढ्या उद्धारल्या,
आळशी, आंधळा, मोजमाप न कळणारा,
आणि तोंडाबरोबर फावडंही चालवलं, पहाटेपर्यंत.
सकाळी त्याच्याच घरी सूप प्यायली.
मीठ कमी आहे म्हणाली.

'कुठेतरी पाणी मुरतंय' हे
आपण संशयानं म्हणतो.
आम्ही त्या हिवाळ्यात
एकमेकांच्या दारात जाऊन हेच विचारत होतो,
मुरतंय का तुझ्याकडे? माझ्याकडे मुरतंय.
मतील्दनं आकडे वहीत लिहिले.
दिओलिंदानं चरात हात घातला, कोपरापर्यंत,
आणि बराच वेळ काढला नाही.

अठरापैकी दोन फुटली.
कलमं नव्हेत, खालची रानटी मुळं.
पुन्हा कलम करावं लागेल,
फळ धरायला किती वर्षं, कुणी मोजलं नाही.
एर्मिनियूचं वय मोजायचं नाही असंही ठरलेलं आहे.

ती अजून दर उन्हाळ्यात म्हणते,
पुढच्या वर्षी नक्की जाणार.
आम्ही म्हणतो, जा.
फक्त गुरुवारी ये,
वरच्या उतारावर रेघ मारायची आहे.
आणि ओळंबा
तुझ्याच खिशात आहे.